सीईटीनंतरचे चार महिने: पर्सेंटाइल, मेरिट नंबर आणि कॅपच्या फेऱ्या

२०२५ च्या एमएचटी-सीईटीत, म्हणजे बारावीनंतर इंजिनीअरिंगसारख्या प्रवेशांसाठी होणाऱ्या राज्याच्या सामायिक परीक्षेत, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथेमॅटिक्स) गटाची परीक्षा १९ एप्रिलला सुरू झाली. निकाल लागला १६ जूनला, आणि मुलीचे मूळ कागद कॉलेजच्या खिडकीवर जमा झाले तेव्हा ऑगस्ट निम्मा सरला होता. या काळात सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो निकालाच्या आधी आणि निकालानंतरच्या दोन-तीन दिवसांत. ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतात, कोण किती, कुणाची कोणती शिफ्ट, आणि समोर आलेल्या आकड्याचा नेमका अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो. तो आधी कळला असता तर घरातली निम्मी धास्ती टळली असती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

परीक्षेपासून सुरुवात करू, कारण पुढच्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. पहिल्या पेपरात भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ ९० मिनिटं. दुसऱ्या पेपरात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, पुन्हा ९० मिनिटं. एकूण २००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. फिजिक्स-केमिस्ट्री लवकर आटोपलं तरी उरलेला वेळ गणिताला वापरता येत नाही, पहिली ९० मिनिटं संपल्यावरच गणित उघडतं. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात.

महत्त्वाची गोष्ट ही की सगळी मुलं एकच पेपर सोडवत नाहीत. दिवसाला दोन सत्रं, असे कित्येक दिवस परीक्षा चालते आणि दर सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. कुणाच्या वाट्याला गणित सरळ येतं, कुणाच्या वाट्याला लांबलचक. २०२५ मध्ये तर २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. त्या सत्रातल्या सत्तावीस हजारांहून जास्त मुलांची फेरपरीक्षा ५ मे रोजी झाली, आणि नेमका त्याच दिवशी बारावीचा निकाल लागला. त्या मुलांची काय अवस्था झाली असेल ते वेगळं सांगायला नको.

बारावीच्या निकालाबद्दल इथेच सांगते. राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशात मेरिट लागतं ते सीईटीवर. बारावीचे गुण पात्रतेपुरते: पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के. ते मिळाले की बारावीचा प्रश्न मिटला. दोघांचं सीईटीत सगळं सारखं निघालं तरच पुढे बारावीकडे पाहतात. तेव्हा मे महिन्यात बारावीच्या टक्क्यांवरून घरात रणकंदन करण्यात काही अर्थ नाही.

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लॉगिनमध्ये उत्तरतालिका येते. हरकत नोंदवण्यासाठी जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात, म्हणून त्या सुमारास रोज लॉगिन करून बघा. तिथे प्रत्येक प्रश्न, तुम्ही निवडलेला पर्याय आणि बरोबर ठरवलेला पर्याय असं सगळं दिसतं. रॉ मार्क, म्हणजे २०० पैकी प्रत्यक्ष मिळालेले गुण, मोजायची जागा हीच. निकालपत्रावर रॉ मार्क छापलेले नसतात, त्यामुळे ज्यांना ते हवेत त्यांनी ही पानं तेव्हाच पीडीएफ करून ठेवावीत. मोजताना फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित वेगवेगळं लिहा, गणिताचे दोनाने गुणायला विसरू नका.

हरकतीला प्रत्येक प्रश्नामागे १००० रुपये पडतात आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून ‘मला वाटतं’ एवढ्यावर हरकत घालू नये. पाठ्यपुस्तकातलं पान किंवा पायरीपायरीने सोडवलेलं उत्तर आधाराला जोडायचं. हरकत मान्य झाली तर फायदा त्या सत्रातल्या सगळ्यांना होतो, एकट्यालाच नाही. क्लासमधल्या चार-पाच मुलांची शिफ्ट एक असेल तर एकाने एक प्रश्न अशी वाटणी करून घेतात, आणि ते शहाणपणाचं आहे.

यानंतर निकालापर्यंतचे तीन-साडेतीन आठवडे फार खेचतात. रॉ मार्क हातात असतात आणि पर्सेंटाइल नसतो, म्हणून अंदाजांना ऊत येतो. क्लासवाल्यांचे आणि वेबसाइटवरचे ‘१४० ला ९७’ छापाचे तक्ते मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून बनवलेले असतात. यंदाचं तुमचं सत्र सोपं होतं की अवघड, हे त्या तक्त्यांना कळणार कसं? पर्सेंटाइल काढतात तो असा: तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, त्याला सत्रातल्या एकूण उमेदवारांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. समजा सत्रात २५,००० मुलं आहेत. १४० किंवा त्याहून कमी गुणांची मुलं २४,२५० असतील तर १४० वाल्याचा पर्सेंटाइल ९७. दुसऱ्या सत्रात पेपर सोपा गेला आणि १४० पर्यंतची मुलं २३,७५० च निघाली, तर त्याच १४० ला ९५. म्हणून वेगळ्या शिफ्टमधल्या मैत्रिणीच्या रॉ मार्कांशी आपले मार्क ताडून पाहण्यातून हाती काहीच लागत नाही. मग मुलं रात्रभर जागतात ती कशासाठी?

याच हिशोबाने प्रत्येक सत्रात पहिल्या येणाऱ्याला १०० पर्सेंटाइल मिळतात, त्याचे २०० पैकी २०० असायची गरज नाही.

१६ जूनला निकाल आला. त्या दिवशी संकेतस्थळ अडकतं, पान अर्धवट उघडतं, ओटीपी उशिरा येतो. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, अर्ज भरताना दिलेला मोबाइल चार्ज करून जवळ ठेवा आणि पहिल्या तासाभरात उघडलं नाही तर जेवून घ्या. निकालपत्रावर चार आकडे असतात: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथेमॅटिक्स आणि एकूण, प्रत्येक दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंत. हे सात अंक पाहून पहिल्यांदा गरगरतं, पण समान पर्सेंटाइलची मुलं कमीत कमी असावीत यासाठीच ते आहेत.

एकूण पर्सेंटाइल म्हणजे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नव्हे. तो एकूण रॉ मार्कांवरून स्वतंत्र काढतात. त्यामुळे फिजिक्स ९०, केमिस्ट्री ९२, गणित ९७ अशा निकालपत्रावर एकूण ९६ दिसला तर त्यात चूक नाही. तिन्ही विषयांत बऱ्यापैकी गुण असणारी मुलं एकुणात वर सरकतात, शिवाय २०० पैकी १०० गुण गणिताचे असल्याने गणित चांगलं गेलेल्याचा एकूण आकडा वर ओढला जातो. याउलट एखाद्या विषयात ९९ आणि दुसऱ्यात ७० असेल तर एकूण अपेक्षेपेक्षा खाली येतो. निकालाच्या संध्याकाळी अनेक पालक सरासरी काढून ‘बेरीज चुकली’ म्हणत हेल्पलाइन शोधत असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं.

मग पर्सेंटाइलवरून आपण राज्यात कुठे आहोत हे कसं पाहायचं? २०२५ मध्ये पीसीएमची परीक्षा चार लाख बावीस हजारांहून जास्त मुलांनी दिली. म्हणजे एका पूर्ण पर्सेंटाइलमध्ये सव्वाचार हजारांच्या आसपास मुलं, आणि ०.१ मध्ये चारशेवर. ९९ असेल तर वर साधारण ४,२००, ९५ असेल तर २१,०००, ९० असेल तर ४२,००० मुलं. प्रत्यक्ष मेरिट नंबर, म्हणजे प्रवेशाच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, याहून बराच लहान, म्हणजे चांगला येतो, कारण परीक्षा दिलेला प्रत्येक जण कॅपसाठी, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांसाठी, नोंदणी करत नाही. काही आयआयटी-एनआयटीत जातात, काही थेट बाहेरच्या राज्यात, काहींचा विचार बदलतो. ९५ पर्सेंटाइलवर रडणारी मुलं आम्ही पाहिली. चार लाखांत एकविसाव्या हजाराच्या आसपास असलेलं मूल रडतं, कारण ग्रुपवर त्याला फक्त ९८ आणि ९९ चे स्क्रीनशॉट दिसतात. ज्यांना ७० मिळाले ते स्क्रीनशॉट टाकत नाहीत. पालकांना कळकळीची विनंती आहे: त्या दिवशी नातेवाइकांना आकडा कळवायचा की नाही हे मुलाला ठरवू द्या आणि दोन दिवस ‘अमक्याला किती’ हा प्रश्न घरात नको. मूल गप्प गप्प राहत असेल, जेवत-झोपत नसेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं, मराठीतही.

निकाल आणि कॅपची नोंदणी यांमध्ये साधारण दहा-बारा दिवस मिळाले, इंजिनीअरिंगची नोंदणी २८ जूनला सुरू झाली. खरी घाई कागदांची असते. डोमिसाइल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळ्यांना लागतं. राखीव गटाला जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि जिथे लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर. नॉन-क्रीमीलेअर चालू प्रवेशवर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं, म्हणजे २०२५ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६. मागच्या वर्षी काढलेलं आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची धावपळ होते, कारण जूनमध्ये सेतू केंद्रापासून प्रांत कार्यालयापर्यंत सगळीकडे ढीग साचलेला असतो. हा दाखला एप्रिल-मेमध्येच काढा. जात वैधतेला तर जिल्हा पडताळणी समितीकडे महिनेच्या महिने जातात, त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करून टाकावा. कागद वेळेत आला नाही तर उमेदवार खुल्या गटात धरला जातो.

जेईईसाठी (आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश परीक्षेसाठी) काढलेला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला केंद्राच्या नमुन्यातला असतो. राज्याच्या कॅपला राज्याच्या नमुन्यातला लागतो. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी दोन्ही वेगवेगळे काढून ठेवावेत, नाहीतर छाननीत अर्ज हमखास परत येतो.

छाननी दोन प्रकारे करता येते. घरबसल्या ई-स्क्रूटिनी, किंवा केंद्रावर जाऊन समोरासमोर. गुंतागुंतीचा दाखला, नावातला फरक, शिक्षणात पडलेला गॅप, असं काही असेल तर सरळ केंद्र निवडा, समोर बसून प्रश्न सुटतो. कागद सरळ असतील तर ई-स्क्रूटिनी पुरते. फक्त अर्ज भरून झाला की काम संपलं असं समजू नका. तपासणारा अधिकारी त्रुटी काढून अर्ज परत पाठवतो आणि त्याची नोंद लॉगिनमध्ये दिसते. दुरुस्त करून पुन्हा सादर केला तरच तो पक्का होतो. परत येण्याची नेहमीची कारणं: मोबाइलवर काढलेला, सावली पडलेला फोटो, दाखल्याची फक्त पुढची बाजू, गुणपत्रिकेवरचं आणि दाखल्यावरचं नाव वेगळं. छपाईच्या दुकानात चांगल्या स्कॅनरवर सगळे कागद एकदाच स्कॅन करून घेतले तर यातली निम्मी कारणं उरत नाहीत.

मग तात्पुरती गुणवत्ता यादी आणि हरकतींसाठी थोडे दिवस. इथे प्रवर्ग, लिंग, गृह विद्यापीठ, टीएफडब्ल्यूएसला (शुल्कमाफीच्या योजनेला) पात्र आहे की नाही, ही प्रत्येक नोंद डोळ्यांत तेल घालून तपासा. अंतिम यादीनंतर यातलं काही बदलायला वाव राहत नाही. गृह विद्यापीठ राहत्या पत्त्यावरून ठरत नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावी केलेल्यांसाठी ते बारावीचं कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे त्यावरून ठरतं. साताऱ्याचं मूल बारावी पुण्यात झालं असेल तर त्याचं गृह विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आणि साताऱ्यातच झालं असेल तर शिवाजी विद्यापीठ.

याचा थेट संबंध कटऑफच्या पीडीएफशी येतो, आणि तुलना करायची असेल तर ती फक्त या पीडीएफशी करावी. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ असतात. प्रत्येक शाखेखाली चौकटी दिसतात. वर मेरिट नंबर आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. चौकटीच्या डोक्यावर जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, एल-ओपन-एच असे कोड. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय अशा कॉलेजांत एस दिसतो, म्हणजे तिथे साताऱ्याचं मूल आणि मुंबईचं मूल एकाच रांगेत. विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजांत मात्र ७० टक्के जागा गृह विद्यापीठाला आणि ३० टक्के बाहेरच्यांना, आणि दोन्हींचा कटऑफ वेगळा लागतो. साताऱ्यात बारावी केलेल्याने पुण्याच्या कॉलेजचा एचचा कटऑफ पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही, त्याला ओ पाहायचा आहे.

पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर ताडून पाहा. परीक्षार्थी दरवर्षी कमी-जास्त होतात, त्यामुळे ९६ चा अर्थ वर्षागणिक हलतो, मेरिट नंबर त्या मानाने स्थिर राहतो. पहिल्याच नाही, शेवटच्या फेरीचाही कटऑफ काढून शेजारी ठेवा.

टीएफडब्ल्यूएस ही शिकवणी शुल्क माफीची योजना. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ५ टक्के जादा जागा त्यात असतात. त्या जागांचा शाखा कोड वेगळा असतो, शेवटी टी लागतो, आणि तो ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाच्या अर्जात, स्वतंत्र भरावा लागतो. साधा कोड भरला म्हणजे आपोआप माफी मिळत नाही. शिवाय ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४ च्या शासन निर्णयानुसार शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. ती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला धरून असते, म्हणून कॅप सोडून संस्थास्तरावर प्रवेश घेण्याआधी कॉलेजला सवलतीबद्दल लेखी विचारा.

ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय देता येतात. क्रम लावताना ‘मिळेल का’ हा विचार बाजूला ठेवून ‘हवं आहे का’ एवढंच बघावं. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालच्या कॉलेजची संधी जराही कमी होत नाही. यंत्रणा तुमच्या मेरिट नंबरावर वरून एकेक पर्याय तपासत येते आणि जो पहिला शक्य असेल तो देते. मात्र २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि एक नवी अट आली. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातला कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातला, आणि चौथ्या फेरीत जो मिळेल तो अंतिम. अशी जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे प्रत्येक फेरीला फॉर्म नव्याने भरताना वरचे एक, तीन किंवा सहा पर्याय शंभरदा विचार करून ठेवा. शेजाऱ्याने टाकलं म्हणून दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेलं नावडतं कॉलेज दुसऱ्या फेरीत गळ्यात पडतं आणि मग सुटका नाही. फॉर्म भरून नुसता सेव्ह करू नका, कन्फर्म करा आणि त्याची प्रत छापून घ्या.

जागा मिळाल्यावर लॉगिनमध्ये स्वतःच कागद पडताळून जागा स्वीकारायची आणि १००० रुपये भरायचे. हे एकदाच भरायचे असतात. जागा पसंत असेल तर फ्रीझ, आणखी चांगली हवी असेल तर बेटरमेंट. बेटरमेंटमध्ये पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते, नाही मिळाला तर आधीची शाबूत राहते. स्वीकारायलाच विसरलात तर ती जागा गेली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पेमेंट अडकण्याचे प्रकार होतात, आदल्या दिवशीच भरून पावती काढा.

फ्रीझ केल्यावर कॉलेजात दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन हजर व्हावं लागतं. तिथे मूळ कागद ठेवून घेतात आणि वसतिगृह, शिष्यवृत्ती, बँकेचं शैक्षणिक कर्ज अशा प्रत्येक ठिकाणी ते पुन्हा मागितले जातात. जाण्याआधी प्रत्येक कागदाच्या पाच-सहा साक्षांकित प्रती आणि स्वच्छ स्कॅन जवळ ठेवा, आणि कॉलेजकडून कोणकोणते मूळ कागद जमा केले याची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.